फरशीखालचं काम

समजा, कोथरूडमधल्या पंचवीस वर्षं जुन्या इमारतीतलं एक बाथरूम आहे. गळती खालच्या घराच्या छतापर्यंत पोचली आहे आणि मालकाने तीन जणांकडून कोटेशन मागवलं आहे. पहिल्याचा आकडा ९५ हजार, दुसऱ्याचा १ लाख ३५ हजार, तिसऱ्याचा १ लाख ७० हजार. तिन्ही कागदांवरचा मजकूर मात्र जवळजवळ एकच: जुनी फरशी काढणे, वॉटरप्रूफिंग, नवीन प्लंबिंग, टाइल्स, फिटिंग. घरात चर्चा होते. टाइल्स तर आपणच पसंत करणार, नळही आपल्याच आवडीचे, मग ७५ हजार जास्त कशाचे द्यायचे? काम पहिल्याला मिळतं.

आकडे उदाहरणादाखल असले, तरी हा निर्णय महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात दसऱ्याच्या आसपास घरोघरी घेतला जातो. पाऊस संपलेला असतो, भिंतींना आलेली ओल डोळ्यांना खुपत असते, बोनस यायचा असतो आणि पाहुणे येण्याआधी सगळं उरकायचं असतं. या घाईत तीन आकड्यांची तुलना होते. त्या आकड्यांमागच्या कामाची तुलना होत नाही, कारण ते काम कागदावर लिहिलेलंच नसतं. स्वस्त कोटेशनचा सगळा घोळ इथे आहे. तिघांनी एकाच कामाचे तीन दर दिलेले नसतात, तीन वेगवेगळ्या कामांचे दर दिलेले असतात.

‘वॉटरप्रूफिंग’ या एका शब्दात काय काय मावतं ते पाहू. मुरलेला गवंडी आधी जुनी फरशी आणि तिच्याखालचा कोबा पार स्लॅबपर्यंत काढतो. राडारोडा पोत्यांत भरून खाली नेला जातो. स्लॅब ब्रशने घासून धुतला जातो. मग भेगा दिसू लागतात. त्या थोड्या रुंद करून भरल्या जातात. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे मालाची गोलाई काढली जाते, कारण काटकोनी कोपऱ्यात लेप आधी चिरतो. नहाणी ट्रॅपच्या आणि पाइपांच्या भोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने बंद केली जाते. बाथरूमच्या बहुतेक गळत्या याच जागांतून सुरू होतात. त्यानंतर पॉलिमरचा पहिला हात. तो सुकला की आडव्या दिशेने दुसरा. हा लेप भिंतीवर निदान फूटभर चढवायचा, आणि शॉवर असेल तिथे आणखी बराच वर.

मग येते पाण्याची परीक्षा. ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी भरतात, भिंतीवर पातळीची खूण करतात आणि ४८ तास वाट पाहतात. खालच्या घरात जाऊन छत हाताने चाचपून बघतात. ते कोरडं असेल तरच विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून ट्रॅपच्या दिशेने ढाळ काढला जातो. कोब्यावर काही दिवस पाणी मारलं जातं. पुन्हा एकदा पाणी भरून पाहिलं जातं, आणि त्यानंतर टाइल्सची पेटी उघडते.

९५ हजारांत बसणाऱ्या कामात काय होतं? फरशी निघते, कोबा तसाच राहतो. सिमेंटच्या मालात डब्यातलं थोडं रसायन मिसळलं जातं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर टाइल्स बसू लागतात. आठ दिवसांत बाथरूम चकचकीत तयार. त्या दिवशी दोन्ही बाथरूमचे फोटो काढले, तर कुठलं पक्कं आणि कुठलं कच्चं हे कुणालाही ओळखता येणार नाही. फरक कळतो तो दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात, खालच्या घराच्या छताला पोपडे धरतात तेव्हा. तेव्हा नवी फरशी फोडावी लागते, टाइल्सचा तोच लॉट बाजारात मिळत नाही आणि खालच्या घराच्या रंगाचा खर्चही द्यावा लागतो. १ लाख ३५ हजारांतून वाचवलेले ४० हजार पहिल्या दोन दिवसांच्या तोडफोडीतच संपतात. शिवाय खालच्या शेजाऱ्याशी आलेला दुरावा उरतो, तो वेगळाच.

सर्वांत कमी आकडा कुठून येतो

१९७१मध्ये अटलांटिक रिचफील्ड या अमेरिकी तेल कंपनीतल्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मेक्सिकोच्या आखातातले तेलाचे पट्टे लिलावात घेणाऱ्या कंपन्यांच्या पदरात अपेक्षेपेक्षा कमी नफा पडत होता. या तिघांनी त्याचं कारण मांडलं. पट्ट्यात तेल किती, हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. प्रत्येक जण अंदाज करतो आणि ज्याचा अंदाज सर्वांत जास्त फुगलेला असतो, तोच लिलाव जिंकतो. अर्थशास्त्रात हा ‘विजेत्याचा शाप’ म्हणून ओळखला जातो.

घरदुरुस्तीत हेच उलट्या बाजूने घडतं. फरशी उखडेपर्यंत खाली काय दडलंय हे कुठल्याच कंत्राटदाराला दिसत नाही. तिघे-चौघे अंदाज बांधतात. अनुभवी माणूस जुन्या जीआय पाइपांचा गंज, खचलेला कोबा, वाकडी भिंत हे सगळं धरून आकडा सांगतो. ज्याने हे धरलेलंच नसतं त्याचा आकडा सर्वांत कमी येतो आणि काम त्यालाच मिळतं. म्हणजे कमी दराचा माणूस लबाडच असेल असं नाही. पुष्कळदा तो प्रामाणिकपणे चुकलेला असतो. पण काम सुरू झाल्यावर ती चूक कुठून तरी भरून काढावीच लागते. मग ‘साहेब, हे एक्स्ट्रा होईल’ सुरू होतं, नाहीतर माल पातळ होतो, एखादा हात कमी होतो, कुशल गवंडी दुसऱ्या साइटवर जातो आणि त्याच्या जागी परवापर्यंत घमेली उचलणारा मुलगा थापी हातात घेतो.

सरकारलाही हे कळायला बराच काळ गेला. सार्वजनिक कामांत ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनाच्या नव्या सूचना काढल्या. गुणवत्तेला विशेष महत्त्व असलेल्या बांधकामांत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यायला त्यांत मोकळीक मिळाली, आणि हे गुण जास्तीत जास्त ३० टक्क्यांपर्यंत धरता येतात. जी सवड सरकारी कचेरीने स्वतःला दिली, ती घरमालकाला आधीपासूनच आहे. कमी दरवाल्यालाच काम द्या, असं बंधन त्याच्यावर कुणी घातलेलं नाही.

भिंतीआड, ट्रॉलीमागे, स्विचबोर्डमध्ये

लपलेलं काम फक्त बाथरूममध्ये असतं असं नाही. भिंतीत झिरी पाडून बसवलेली सीपीव्हीसीची पाइपलाइन घ्या. तिचे जोड खास सोल्यूशनने चिकटवतात आणि एकदा बसलेला जोड पुन्हा सुटत नाही. कसलेला प्लंबर झिरी बुजवण्याआधी सगळी तोंडं बंद करतो, हातपंपाने लाइनमध्ये दाब भरतो आणि गेजचा काटा काही तास जागचा हलतो का ते बघतो. या तपासणीला माल जवळपास लागतच नाही, लागतो तो वेळ. कोटेशन ओढून-ताणून कमी केलं की सर्वांत आधी हाच वेळ कापला जातो.

सुतारकामात फरक प्लायमध्ये असतो. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा प्लाय ‘आयएस ३०३’ या मानकाखाली येतो आणि कोरड्या खोलीतल्या कपाटाला तो चालतो. ‘आयएस ७१०’चा मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. सिंकखालच्या कपाटाला तोच हवा. वरून एकच लॅमिनेट चिकटवलं की दोन्ही प्लाय सारखेच दिसतात. म्हणून कोटेशनमध्ये नुसतं ‘चांगला प्लाय’ असू नये. मानक, जाडी आणि कंपनी लिहिलेली असावी, आणि प्लाय घरात आल्यावर, कापायच्या आधी, त्यावरचा आयएसआय शिक्का बघून घ्यावा. त्या शिक्क्याजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पडताळता येतो. त्याला दोन मिनिटं पुरतात.

विजेच्या कामात मात्र चूक नुसती खर्चात टाकत नाही, ती जिवावर बेतते. दिव्यांना १.५, साध्या प्लगला २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, हा चांगल्या वायरमनचा नेहमीचा हिशेब. त्याबरोबर प्रत्येक प्लगपर्यंत अर्थिंग, आणि डीबीमध्ये, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीत, ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी. गळती प्रवाह तेवढा झाला की तो क्षणात वीज तोडतो. ओल्या बाथरूममधल्या गीझरचा धक्का बसलेल्या माणसाचा जीव या एका उपकरणाने वाचू शकतो. स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा हेच नसतं, कारण ते नसलं तरी दिवे लागतातच.

रंगकामात गल्लत मोजमापापासूनच होते. एक रंगारी घराच्या कार्पेट क्षेत्रावर दर सांगतो, दुसरा भिंती आणि छत प्रत्यक्ष मोजून. दोन्ही आकडे शेजारी मांडले तरी तुलना होत नाही. पुट्टीचे हात किती, प्रायमर आहे की नाही, रंगाचे हात दोन की तीन, हे लिहून घेतल्याशिवाय प्रति चौरस फूट दराला काही अर्थ नाही. आणि भिंत ओली असेल तर थांबायला सांगणारा रंगारी मिळाला, तर त्याचं ऐकावं. ओलीवर चढवलेला महागातला महाग रंगही वर्षभरात फुगतो.

पुणे, नाशिक, वाई इथल्या जुन्या वाड्यांत तर वेगळीच जाण लागते. तिथल्या भिंती चुन्याच्या मालात बांधलेल्या. चुना मुरवून, घाणीत मळून, गूळ-हिरड्यासारख्या गोष्टी घालून केलेला तो माल ओल घेतो आणि सोडतोही. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच अडकते, क्षार वर येतात आणि पोपडे सुटू लागतात. सिमेंटचं काम स्वस्त आणि झटपट होतं, पण नुकसान होतं ते दोन पिढ्यांनी राखलेल्या भिंतीचं. चुन्यात काम करणारे गवंडी आता थोडेच उरले आहेत. ते जास्त मजुरी मागतात आणि ती रास्त आहे.

खांबाला हात लागतो तेव्हा

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम असलेल्या जागेत नूतनीकरण चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. सगळ्या घरदुरुस्तीकडे या घटनेच्या चष्म्यातून बघायचं कारण नाही. तरीही हॉल मोठा करायला भिंत पाडायची, बाल्कनी आत घ्यायची, स्वयंपाकघराची जागा बदलायची, असा कुठलाही बेत असेल, तर पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या फीचा असायला हवा. टाइल्स बदलणं, गिलावा, रंग यांसारख्या किरकोळ दुरुस्तीला मुंबईत पालिकेची परवानगी सहसा लागत नाही. इमारतीच्या सांगाड्याला हात लावायचा असेल तर ती लागते. ‘ही भिंत काढता येईल का?’ असं विचारल्यावर हातोडी उचलणारा ठेकेदार आणि ‘आधी इंजिनिअरला दाखवा’ म्हणणारा ठेकेदार, यांच्या दरांतल्या फरकाची किंमत अख्ख्या इमारतीला मोजावी लागू शकते.

सोसायट्यांनाही हे लागू आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. परीक्षणानंतर बाहेरच्या दुरुस्तीच्या निविदा उघडतात आणि सर्वसाधारण सभेत सगळ्यांची नजर सर्वांत खालच्या आकड्यावर जाऊन बसते. जास्त दराची बाजू घेणाऱ्या सेक्रेटरीवर संशय घेतला जातो, म्हणून कमिटीलाही कमी दरच सुरक्षित वाटतो. यावर एक सरळ उपाय आहे. दराचं पाकीट उघडण्याआधी निविदा भरणाऱ्या ठेकेदारांनी चार-पाच वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या इमारती सभासदांनी जाऊन बघायच्या, तिथल्या लोकांशी बोलायचं आणि तिथे जे दिसलं ते इतिवृत्तात लिहून ठेवायचं. मग चर्चा आकड्यांची न राहता कामाची होते.

हात तयार व्हायला वेळ लागतो

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि प्लंबरचा एक वर्षाचा. पण घरांत काम करणारे बहुतेक कारागीर आयटीआयतून येत नाहीत. ते येतात बापाच्या, काकाच्या, गावातल्या कुणाच्या तरी हाताखाली शिकून. मुंबई-पुण्यातले कित्येक प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातले असतात. तिथल्या गावागावांतून पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या चालत आली आहे आणि पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही उभी राहिली आहे. फर्निचरच्या कामात राजस्थानातल्या सुथार आणि जांगिड या सुतारकाम करणाऱ्या समाजांतले कारागीर दिसतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले गवंडी आणि बिगारी सकाळी मजूर अड्ड्यावर उभे असतात.

१७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आणि गवंडी आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत सवलतीच्या व्याजाचं कर्ज अशी तिची रचना. अवजारांनी कामात खरोखर फरक पडतो. लेझर लेव्हल असलेला फरशीवाला आणि नुसत्या नजरेवर चालणारा फरशीवाला यांच्या ढाळात पाण्याच्या एका बादलीने फरक दाखवता येतो. पण शिकलेला आणि अवजार घेतलेला कारागीर त्या दर्जाचं काम करील की नाही, हे अखेर त्याला मिळणाऱ्या दरावर ठरतं.

१९७०मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. त्याच कामासाठी पुढे २००१मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माल चांगला की वाईट हे गिऱ्हाइकाला ओळखता आलं नाही, तर तो सरासरी दरच देऊ करतो. त्या दरात चांगला माल विकणं परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता बाजार सोडतो आणि मागे निकृष्ट माल उरतो. आपल्या शहरांत आज हेच होताना दिसतं. दर वेळी घासाघीस करून कंटाळलेला पन्नाशीचा सुतार मुलाला या धंद्यात आणत नाही. मुलगा डिलिव्हरीची नोकरी धरतो. आणि मग ‘हल्ली चांगली माणसंच मिळत नाहीत’ अशी तक्रार त्याच घरांतून ऐकू येते, जिथे त्या सुताराचा दर दोनदा कमी करून घेतलेला असतो.

मग निवडायचं कसं

महाग म्हणजे चांगलं, असंही नाही. मोठा आकडा लावून तेच काम सर्वांत स्वस्त पोटठेकेदाराला देणारे मधले लोक या धंद्यात भरपूर आहेत. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: प्रत्यक्ष हात कुणाचा लागणार? गवंडी कोण, प्लंबर कोण, ते तुमच्याकडे किती वर्षं आहेत? त्यांना एकदा भेटायची इच्छा दाखवावी. नीट काम करणारा ठेकेदार आनंदाने भेट घालून देतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जुनं काम बघणं. गेल्या महिन्यात झालेलं नको, दोन-तीन पावसाळे काढलेलं बघावं. टाइल्सवर नाण्याने टकटक करावी. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. बादलीभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे धावतं की कोपऱ्यात साचतं ते पाहावं. दाराच्या चौकटीला ओळंबा लावावा. आणि त्या घरमालकाला विचारावं: नंतर एखादी अडचण आली तेव्हा हा माणूस फोन उचलत होता का? काम चांगलं की वाईट, हे या एका उत्तरातून बरंच कळतं.

तिसरं, काम आधी लिहायचं आणि दर नंतर मागवायचा. यादी मालकाने करावी, किंवा थोडी फी देऊन एखाद्या इंजिनिअरकडून करून घ्यावी. कोबा काढणार की नाही, पाण्याची परीक्षा किती तासांची, प्लायचं मानक कोणतं, तार किती जाडीची, राडारोडा कोण उचलणार. हीच यादी तिघांना दिली, की आकडे जवळ येतात आणि राहिलेल्या फरकाचं कारण विचारता येतं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि प्रत्येक हप्ता तारखेला न बांधता कामाच्या टप्प्याला बांधावा: स्लॅब उघडल्यावर, पाण्याची परीक्षा पार पडल्यावर, टाइल्स बसल्यावर. पाच-दहा टक्के रक्कम ठरावीक मुदतीपर्यंत, शक्यतो एक पावसाळा जाईपर्यंत, मागे ठेवायची, हे आधीच लेखी ठरवावं. आणि ठरलेला हप्ता ठरलेल्या दिवशी द्यावा. चांगला कारागीर टिकवायचा तर मालकालाही शब्द पाळावा लागतो.

बिलाशिवाय थोडं स्वस्त करून देण्याची ऑफर हमखास येते. ती घेतली की हातात पुरावाच उरत नाही. नव्या फ्लॅटमध्ये बांधकामाचे दोष निघाले, तर रेराच्या कलम १४नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बिल्डरला ते विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात. घरमालकाने स्वतः नेमलेल्या ठेकेदारावर असं बंधन कुठलाही कायदा आपोआप घालत नाही, म्हणून हमीचा कालावधी करारातच लिहून घ्यावा लागतो. काम बिघडलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणं जिल्हा ग्राहक आयोगात चालतात आणि तक्रार दोन वर्षांत करायची असते. पण तिथे बिल, करार आणि फोटो लागतात. स्लॅब उघडा असताना, झिरी बुजवण्याआधी, वायरिंग दिसत असताना रोजचे फोटो काढून ठेवणं ही सवय फार उपयोगी. पुढे कधी खिळा ठोकायचा असला तरी पाइप कुठून गेलाय ते त्यांतून कळतं.

सगळ्यांकडे एकदम तेवढे पैसे नसतात, हे खरंच आहे. अशा घराने पूर्ण घराचं स्वस्त काम काढण्यापेक्षा या वर्षी फक्त बाथरूम, पुढच्या वर्षी स्वयंपाकघर, असं केलेलं बरं. क्रमही तोच ठेवावा: आधी गळती, मग वीज, मग पाइप, आणि सर्वांत शेवटी रंग आणि शोभेच्या गोष्टी. टाइल्स साध्या घेतल्या तरी चालतात. वीस वर्षांनी त्या बदलाव्याशा वाटतीलही. त्यांच्या खालचा लेप मात्र त्या वीस वर्षांसाठी एकदाच लागतो.

सोसायटीच्या कचेरीत यासाठी एक साधी वही ठेवता येईल. कुणाच्या घरी, कुठल्या महिन्यात, कुणी, काय काम केलं, किती खर्च आला, दोन पावसाळ्यांनंतर ते कसं आहे, एवढंच त्यात लिहायचं. शंभर घरांच्या सोसायटीत चार-पाच वर्षांत ही वही पुरेशी भरेल. नव्या सभासदाला मग तीन कोटेशनांचा खेळ मांडावा लागणार नाही आणि नीट काम करणाऱ्या गवंड्याला पुढचं काम मिळवण्यासाठी दर पाडावा लागणार नाही. या दिवाळीला ज्यांच्या घरी काम निघालंय, त्यांच्यापासून पहिलं पान सुरू करता येईल.